पाचटापासून डिझेल : एका टनात ४०० लिटर, हे कसे शक्य आहे?

बॉयलरघर

गेल्या आठवड्यात आमच्या करवीर तालुक्यातील गावात, विकास सोसायटीच्या हॉलमध्ये, एका गृहस्थांनी शेतकऱ्यांना यंत्राची माहिती देण्यासाठी बोलावले होते. एका बाजूने उसाचे पाचट, म्हणजे तोडणीनंतर उरणारा वाळका पाला, घालायचे आणि दुसऱ्या बाजूने डिझेल काढायचे, एका टन पाचटाला ४०० लिटर, असा त्यांचा दावा होता. वीस जणांनी गट करावा, आगाऊ रक्कम भरावी आणि उरलेल्या रकमेसाठी कर्ज काढावे, अशी योजना होती. मी एका साखर कारखान्याच्या बॉयलरवर ३१ वर्षे काढली असल्यामुळे सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि तेथल्या तेथे उभे राहून मला ठामपणे काही सांगता आले नाही. ती गोष्ट मनाला लागून राहिली, म्हणून घरी येऊन केलेला हिशेब येथे चर्चेच्या धाग्यावर मांडत आहे. चुकत असेल तर जाणकारांनी दुरुस्त करावा.

माझा हिशेब उष्णतेचा आहे, कारण बॉयलरवाल्याला दुसरा हिशेब येत नाही. उन्हात वाळलेल्या पाचटाच्या एका किलोत साधारण ३,५०० किलोकॅलरी धरल्या, तर एका टनात ३५ लाख झाल्या. डिझेलच्या एका लिटरचे वजन सुमारे ८३० ग्रॅम असते आणि त्यात जवळपास ८,५०० किलोकॅलरी असतात, म्हणजे ४०० लिटरमध्ये ३४ लाख. याचा अर्थ, यंत्रात जेवढी उष्णता गेली तेवढी सगळीच्या सगळी तेलात उतरली पाहिजे. बगॅसवर, म्हणजे उसाचा रस काढून उरलेल्या चिपाडावर, चालणारा चांगला बॉयलरसुद्धा जवळपास ३० टक्के उष्णता ओलाव्यापायी आणि धुराड्यातून घालवतो, आणि तेथे तर फक्त पाण्याची वाफ करायची असते.

जर्मनीने महायुद्धात कोळशापासून पेट्रोल केले होते, हे मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. ते खरे तंत्र काय आहे, ते पाचटाला किंवा बगॅसला लागू पडते का, आणि पडत असेल तर ऊस एवढा पिकूनही आपल्या भागात ते कोणी का केले नाही, हे मला समजून घ्यायचे आहे.

रसायनवाटा

आपला हिशेब बरोबर आहे आणि तो करण्याची पद्धत त्याहून बरोबर आहे. तंत्राविषयी जरा सविस्तर लिहितो.

कोळसा आणि खनिज तेल यांच्यातला मुख्य फरक हायड्रोजनचा आहे. तेलात कार्बनच्या एका अणूमागे हायड्रोजनचे जवळपास दोन अणू असतात, दगडी कोळशात एकापेक्षाही कमी असतात. म्हणून कोळशाचे तेल करायचे म्हणजे एक तर बाहेरून हायड्रोजन घालायचा, किंवा कोळसा पूर्ण मोडून त्याच्या तुकड्यांतून नवा रेणू बांधायचा. पहिली वाट फ्रीडरिश बर्गिउस यांची. त्यांनी कोळशाची पूड जड तेलात कालवली आणि प्रचंड दाबाखाली, साडेचारशे अंश सेल्सियसच्या आसपास, तिच्यात हायड्रोजन मुरवला. या कामाचे पेटंट १९१३ चे आहे आणि १९३१ साली त्यांना कार्ल बॉश यांच्याबरोबर रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. दुसरी वाट फ्रान्झ फिशर आणि हान्स ट्रॉप्श यांनी १९२० च्या दशकात म्युलहाइम येथील कोळसा संशोधन संस्थेत काढली. कोळसा मर्यादित प्राणवायू आणि वाफ देऊन अर्धवट जाळायचा, त्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन यांचे मिश्रण, म्हणजे सिनगॅस, मिळवायचे, आणि ते लोखंडाच्या किंवा कोबाल्टच्या उत्प्रेरकावरून न्यायचे. तेथे कार्बनच्या साखळ्या एकेका कडीने वाढत जातात. लहान साखळी राहिली तर वायू, मध्यम झाली तर पेट्रोल आणि डिझेल, लांबली तर मेण. नेमकी डिझेलच्या लांबीची साखळी मागून मिळत नाही, सगळे एकत्रच येते. मेणाचे पुन्हा हायड्रोजन देऊन तुकडे करावे लागतात आणि वायू परत फिरवावा लागतो. म्हणजे दुसऱ्या बाजूला एक छोटी रिफायनरीच उभी करावी लागते, नुसता नळ लावून भागत नाही.

जर्मनीत लॉयना येथील कारखाना १९२७ साली सुरू झाला आणि १९४४ च्या सुरुवातीला देशभरातील अशा कारखान्यांचे उत्पादन दिवसाला सव्वा लाख बॅरलच्या घरात पोहोचले होते. त्यातला मोठा वाटा बर्गिउस पद्धतीचा होता, फिशर–ट्रॉप्शचा लहान. मे १९४४ पासून दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी हे कारखाने लक्ष्य केले आणि जर्मनीचे विमान-पेट्रोल आटले. पुढे हे तंत्र सर्वांत मोठ्या प्रमाणावर दक्षिण आफ्रिकेने चालवले. तेथे तेल नाही, कोळसा मुबलक, आणि वर्णभेदी राजवटीमुळे तेलाची कोंडी होण्याची भीती. सासोल कंपनी १९५० साली स्थापन झाली, सासोलबर्गचा कारखाना १९५५ साली तेल देऊ लागला, आणि १९८० च्या सुमारास सेकुंडा येथील दोन महाकाय प्रकल्प आले. त्यांची क्षमता दिवसाला दीड लाख बॅरलच्या आसपास आहे आणि कार्बन डायऑक्साइड सोडणाऱ्या जगातील सर्वांत मोठ्या ठिकाणांत सेकुंडाची गणना होते. कोळशापासून केलेले डिझेल, वायू जमिनीत कोंडण्याची सोय नसेल तर, खनिज डिझेलच्या जवळपास दुप्पट कार्बन हवेत सोडते. युद्ध किंवा नाकेबंदी असताना कोणी हे पाहत नाही. स्वस्ताई असताना कोणी हे कारखाने बांधत नाही.

तत्त्वतः पाचटापासूनही सिनगॅस होतो. उलट पाचटात गंधक अगदी थोडे असते, ही चांगली बाजू, कारण गंधक कोबाल्टच्या उत्प्रेरकाला विषासारखे मारते. पण एका टन कोरड्या काडीकचऱ्यातून या वाटेने फार तर १५० ते १७० किलो द्रव इंधन मिळते, म्हणजे साधारण सहाला एक. तुमच्या एक टन पाचटातला ओलावा वजा केला तर पावणेदोनशे लिटर झाले, आणि तेही अतिशय मोठ्या, सुसज्ज कारखान्यात. सोसायटीच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये नव्हे.

कपोला

मी शिरोली एमआयडीसीत फौंड्री चालवतो, म्हणून वायूकरणाबद्दल दोन गोष्टी सांगू शकतो. जुन्या कपोला भट्टीत कोकवर हवा मारली की वरच्या थरात कार्बन मोनॉक्साइड तयार होतोच आणि भरणीच्या दारातून निळ्या ज्वाळा दिसतात. वायू करणे अवघड नाही. आमचे आजोबा सांगायचे की महायुद्धात पेट्रोल मिळेनासे झाले तेव्हा मोटारींच्या मागे लोखंडी पिंप बसवून लोणारी कोळशाच्या, म्हणजे लाकडाच्या कोळशाच्या, वायूवर गाड्या पळवल्या जात. चढ आला की उतारूंना उतरावे लागे, असेही सांगायचे.

अवघड असते ते वायू स्वच्छ करणे. लोणारी कोळशातले डांबर आधीच जळून गेलेले असते, म्हणून त्या गाड्या चालल्या. कच्च्या लाकडाच्या किंवा पाचटाच्या वायूत डांबराची वाफ असते, ती नळीत थंड झाली की नळी बुजते. दहा वर्षांपूर्वी आम्ही कोअर (साच्यातले वाळूचे गाभे) भाजण्याच्या ओव्हनसाठी एका पुरवठादाराकडून काडीकचऱ्याचा गॅसिफायर, म्हणजे वायू करणारी भट्टी, घेतला होता. पहिले पंधरा दिवस उत्तम चालला, नंतर रोज सकाळी दोन माणसे ब्लोअरचे पाते खरवडत बसू लागली. तिसऱ्या महिन्यात मी तो भंगारात काढला. तेथे आम्हाला नुसती उष्णता हवी होती. उत्प्रेरकावर न्यायचा वायू याच्या कित्येक पट स्वच्छ लागतो.

राखेचेही तसेच आहे. आपल्या देशातल्या कोळशात ३५ ते ४५ टक्के राख असते, म्हणून परदेशी बनावटीची गॅसिफायर भट्टी येथे जशीच्या तशी चालत नाही. पाचटात राख कमी, पण ती पोटॅशची. ती लवकर वितळते आणि भट्टीत तिचे खंगर, म्हणजे वितळून घट्ट झालेले गोळे, होतात.

खोडवा

खंगराचा उल्लेख झाला म्हणून शेतकऱ्याची बाजू मांडतो. ते पोटॅश म्हणजे आमच्या रानातले खत आहे. माझा नऊ एकर ऊस कागल तालुक्यात आहे. तोड झाल्यावर एकरी तीन ते चार टन पाचट रानात पडते. पूर्वी आम्ही सरसकट पेटवून द्यायचो. गेली सात वर्षे मी ते सरीत दाबतो, वर युरिया आणि सुपर फॉस्फेट टाकतो, आणि खोडव्याला, म्हणजे तोडीनंतर पुन्हा फुटणाऱ्या उसाला, पाणी कमी लागते हा माझा स्वतःचा अनुभव आहे. यंत्रवाल्यांच्या हिशेबात पाचटाची किंमत शून्य धरलेली असते. ती शून्य नाही.

शिवाय पाचट गोळा करून पाहिलेल्या माणसालाच त्याचे दुःख कळते. ट्रॉली डोंगरासारखी भरलेली दिसते आणि काट्यावर गेली की वजन भरत नाही. बेलर लावून गठ्ठे बांधायचे म्हटले तर भाडे, मजूर आणि सुतळी यांचा खर्च आला. तोडणी नोव्हेंबर ते मार्च चालते, जूनमध्ये आपल्याकडचा पाऊस सुरू होतो. चार महिन्यांत गोळा केलेले पाचट बारा महिने कोरडे ठेवायला छप्पर किती लागेल, हे ज्याला राधानगरी किंवा गगनबावड्याचा पाऊस ठाऊक आहे त्याने सांगावे.

आणि चिपाडाकडे तर पाहूच नये. गुऱ्हाळघरात रस ज्या चुलवाणावर आटतो त्याचे जळण चिपाडच असते. आता तर ते पुरत नाही म्हणून काही जण वाट्टेल ते जाळतात, आणि त्या धुराबद्दल येथे वेगळा धागा काढावा लागेल.

बॉयलरघर

खोडवा यांच्या प्रतिसादामुळे मी कारखान्याच्या बगॅसचाही हिशेब करून पाहिला, कारण पाचट गोळा करावे लागते पण बगॅस आपोआप एका जागी येऊन पडते. तेल करायचेच असेल तर पहिली संधी तिलाच आहे.

रोज ५,००० टन गाळप असणाऱ्या कारखान्यात २८ टक्क्यांच्या हिशेबाने १,४०० टन बगॅस निघते आणि तिच्यात निम्मे पाणी असते. तिच्यातली बहुतेक सगळी वाफेसाठी आणि सहवीजनिर्मितीसाठी जळते. अत्यंत काटकसर करून ३०० टन वाचवली असे धरू. त्यातले पाणी काढले की १५० टन, त्याचे सहाला एक म्हणजे २५ टन तेल, म्हणजे सुमारे ३२,००० लिटर. बॅरलमध्ये सांगायचे तर २००. सेकुंडाचे दीड लाख बॅरल गाठायला अशा साडेसातशे कारखान्यांची बचत लागेल, आणि सबंध महाराष्ट्रात एका हंगामात दोनशेच्या आसपास कारखाने गाळप घेतात. वर हे सगळे हंगामापुरतेच. उरलेले सात महिने तो कोट्यवधींचा उत्प्रेरक आणि प्राणवायूचा प्लान्ट मांडी घालून बसणार.

मला आतापर्यंत वाटत होते की येथे हे झाले नाही याचे कारण तंत्राचा अभाव असावे. या आकड्यांवरून दिसते की जळण विखुरलेले आहे आणि यंत्र मात्र प्रचंड असल्याशिवाय परवडत नाही. शिवाय जे जळण एका जागी आहे ते आधीच कुठल्या ना कुठल्या चुलीत जळते आहे. तेल करायचे म्हणजे ते त्या चुलीतून ओढून काढायचे, आणि मग त्या चुलीला दुसरे काय घालायचे याचे उत्तर बहुधा पुन्हा कोळसा हेच येते.

पंचगंगाकाठ

चर्चा उत्तम चालली आहे, पण ती जरा निराशेकडे झुकते आहे असे मला वाटते, म्हणून विरोधी बाजू मांडतो.

पहिला मुद्दा, कोळसा आणि काडीकचरा एकत्र का घालू नये? नेदरलँड्समध्ये ब्युगनम येथील कोळशाच्या वायूवर चालणाऱ्या वीजकेंद्रात लाकडाचा भुसा मिसळून वायू केला जात असे. हे केंद्र २०१३ साली बंद झाले, तरी मिश्रण चालते हे त्याने दाखवले. कोळशामुळे भट्टी बारा महिने चालेल आणि पाचटामुळे कार्बनचा बोजा कमी होईल. केंद्र सरकारने २०३० पर्यंत १० कोटी टन कोळशाचे वायूकरण करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यासाठी ८,५०० कोटी रुपयांच्या प्रोत्साहन योजनेला मंजुरी दिली आहे. भेल या सरकारी कंपनीने हैदराबादला जास्त राखेच्या देशी कोळशापासून मिथेनॉल करण्याचा पथदर्शी प्रकल्प चालवून दाखवला आहे.

दुसरा मुद्दा, तेलाची एकच वाट का धरायची? हरियाणात पानिपतला इंडियन ऑइलचा भाताच्या काडापासून इथेनॉल करणारा प्रकल्प ऑगस्ट २०२२ मध्ये देशाला अर्पण झाला. १९ मे २०२३ रोजी पुण्याहून दिल्लीला गेलेल्या प्रवासी विमानात देशात तयार झालेले जैवइंधन मिसळलेले होते. आपल्या कारखान्यांकडे इथेनॉल आहेच. त्यातून पाणी काढून इथिलीन करायचे, त्याच्या साखळ्या जोडायच्या आणि विमानाचे इंधन घ्यायचे, ही वाट सिनगॅसपेक्षा कोल्हापूरला जवळची आहे. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ मध्ये १ टक्का आणि २०२८ मध्ये २ टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट जाहीर झाले आहे, म्हणजे गिऱ्हाईकही तयार आहे.

रसायनवाटा

आपल्या दुसऱ्या मुद्द्याशी मी बराच सहमत आहे. फक्त तेथे पाण्याचा प्रश्न येतो, कारण ते इथेनॉल शेवटी उसाच्या रसाचे आणि मळीचे असते, आणि उसाला पाणी फार लागते.

पहिल्या मुद्द्याबाबत मात्र भूगोल आडवा येतो. आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे, पश्चिमेकडे जांभा आणि बॉक्साइट आहे, कोळसा नाही. तो चंद्रपूर, वणी भागात, म्हणजे राज्याच्या दुसऱ्या टोकाला. एका टन तेलासाठी चार टनांच्या आसपास कोळसा लागत असेल, तर कोळसा इकडे आणण्यापेक्षा तेल तिकडे करून इकडे आणणे शहाणपणाचे. मिश्रणाचे प्रयोग खाणीच्या तोंडाशी, तेथल्या भाताच्या आणि कपाशीच्या काड्यांवर होऊ द्यावेत.

पानिपतचा उल्लेख आपण केलात ते फार बरे झाले, कारण त्याने मूळ प्रश्नाचा ताळा घेता येतो. त्या प्रकल्पाची जाहीर क्षमता वर्षाला २ लाख टन काडापासून ३ कोटी लिटर इथेनॉल अशी आहे, म्हणजे टनाला १५० लिटर. इथेनॉलच्या लिटरमध्ये उष्णता डिझेलच्या साठ टक्क्यांच्या आसपास असते. देशातली सर्वांत मोठी तेल कंपनी टनाला १५० लिटर इथेनॉलची क्षमता सांगते आणि आपले गृहस्थ ४०० लिटर डिझेल काढतात. काडापासून थेट डिझेल करण्याचे धाडस युरोपात झालेच नाही असेही नाही. जर्मनीतील फ्रायबर्ग येथे खोरेन कंपनीने लाकडापासून फिशर–ट्रॉप्श डिझेल करण्याचा प्रकल्प बांधला होता, मोटार कंपन्या पाठीशी होत्या, आणि २०११ साली ती दिवाळखोरीत गेली.

आता एक वेगळी शंका. त्या गृहस्थांनी द्रव प्रत्यक्ष दाखवला का? तो गडद तपकिरी आणि धुरकट वासाचा होता का? कारण ४०० लिटर हा आकडा सर्वस्वी खोटा नसण्याची शक्यता आहे. काडीकचरा हवेशिवाय, पाचशे अंशांच्या आसपास, झटकन तापवला आणि निघालेली वाफ ताबडतोब थंड केली, तर वजनाच्या निम्म्याच्या आसपास द्रव मिळतो. यालाच पायरोलिसिस म्हणतात. हा द्रव पाण्यापेक्षा जड असतो, त्यामुळे ४०० लिटर म्हणजे सुमारे ४८० किलो, आणि एका टनातून ते निघू शकतात. फक्त ते डिझेल नव्हे. त्यात १५ ते ३० टक्के पाणी असते, ॲसिटिक आम्ल असते, आणि उष्णता किलोला ४,००० किलोकॅलरीच्या आसपास, म्हणजे डिझेलच्या निम्म्याहूनही कमी. तो डिझेलमध्ये मिसळत नाही, साध्या पोलादाला खातो आणि काही महिन्यांत घट्ट होत जातो. भट्टीत जाळायला चालेल. ट्रॅक्टरच्या पंपात आणि नोझलमध्ये गेला तर पंप बदलावा लागेल.

बॉयलरघर

आपण डोळ्यांवरची पट्टी काढलीत. त्या दिवशी त्यांनी गावात एक बाटली ठेवली होती आणि ती सोसायटीच्या कपाटात तशीच होती. आज सचिवांकडून मागून घेतली. रंग काकवीसारखा, वास जळक्या लाकडाचा आणि त्यात आंबूस. प्रयोगशाळा माझ्याकडे नाही, पण कारखान्यातल्या सवयीने पीएच पट्टी घरात असते. ती बुडवली तर रंग तीनच्या खाली गेला. मग काचेच्या ग्लासात अर्धे पंपावरचे डिझेल आणि अर्धा हा द्रव घालून चमच्याने चांगला ढवळला. दहा मिनिटांत दोन थर वेगळे झाले, डिझेल वर आणि काकवी खाली. एक लोखंडी खिळा त्यात टाकून ठेवला आहे, तो उद्या पाहीन.

उष्णतेचा ताळाही आता बसतो. ४८० किलोला ४,००० प्रमाणे १९ लाख किलोकॅलरी, म्हणजे आत घातलेल्या ३५ लाखांपैकी निम्म्याहून थोड्या जास्त. उरलेली कोळशाच्या चुऱ्यात आणि वायूत गेली असणार. ज्या हिशेबाने मी त्यांना खोटे ठरवत होतो त्याच हिशेबात ते बसतात, फक्त बाटलीवरचे नाव चुकले आहे.

कपोला

त्या द्रवाला भट्टीचे जळण म्हणून विकणार असतील तर माझ्यासारखे गिऱ्हाईक विचार करील, पण भाव फर्नेस ऑइलच्या निम्म्याहून कमी लागेल आणि टाकी, पंप, बर्नर सगळे स्टेनलेस स्टीलचे करून द्यावे लागेल. आणि ही यंत्रे डिझेलच्या भावाने परतफेड दाखवून विकली जात असतील, तर कर्जाचा हप्ता कोठून निघणार, हे गटाने आधी विचारावे.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने पाचट आणि बगॅस यांच्यासारख्या हलक्या जळणाचा वायू करून तो भट्टीला वापरण्यावर काम केलेले आहे. जवळच आहे, कोणी तरी जाऊन चौकशी करून यावी.

खोडवा

बॉयलरघर, पुढची बैठक कधी आहे? त्यांना एवढेच सांगावे की यंत्र आमच्या समोर सलग आठ तास चालवा, पाचट आमचे, आणि वजन त्यांच्या काट्यावर नव्हे तर गावच्या वजनकाट्यावर होईल. निघालेला द्रव त्यांनी स्वतःच्या गाडीत भरून परत जावे. पेट्रोलची असेल तर डिझेलची भाड्याने आणावी, भाडे मी देतो.

बॉयलरघर

बैठक रविवारी सकाळी दहाला आहे. वजनाबरोबर पाचटाचा ओलावाही मोजू, कारण पहाटेच्या दवात पडलेले पाचट आणि दुपारचे पाचट यांत फार फरक पडतो. खिळा सकाळी पाहिला, काळा पडला आहे.